टाकीतल्या झाडाची दाढी

बाबा गेले त्याला दोन महिने होत आले आणि त्यांच्या माशांच्या टाकीतलं झाड काळं पडायला लागलं.

मासे टुणटुणीत होते. पण मधोमध दगडाला बांधलेलं जाड पानांचं ते झाड, अंगठ्याएवढा तुकडा आणून बाबांनी अकरा वर्षं वाढवलेलं, त्याच्या पानापानाच्या कडेला काळं केसाळ शेवाळ धरलं होतं. मुलीनं बोटानं चोळलं, नखानं खरवडलं. पान फाटलं, शेवाळ जागचं हललं नाही.

"यांना जन्मभर सांगत आले, दाढी करा, दाढी करा," आई म्हणाली. "आता झाडानंही तेच आरंभलंय."

मुलगी हसली, पण तिचं लक्ष फाटलेल्या पानाकडे होतं. बाबांचे कपडे, चपला, चष्मा सगळं ज्याच्या त्याच्याकडे गेलं होतं. त्यांच्या हातची अजून वाढत असलेली अशी ही एकच गोष्ट घरात उरली होती. ती आपल्या हातून जायला नको, एवढंच तिला वाटत होतं.

ते पान बाटलीत घालून ती शोभेचे मासे विकणाऱ्याच्या दुकानात गेली. त्यानं कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर ओढला, बाटली उजेडात धरली आणि परत दिली.

"नवीन झाड न्या. हे शेवाळ चिवट. पाहुण्यासारखं येतं आणि घरजावयासारखं राहतं."

"नवीन नको. बाबांचं आहे."

तिनं बाबांचं वर्णन केलं तसा तो थांबला. "झाड बांधायला दोरा घरून आणणारे? माझ्या दोऱ्यावर त्यांचा विश्वास नव्हता." मग त्यानं स्टूल पुढे केलं आणि नीट समजावलं. फार खराब पानं कापून टाकायची. उरलेलं झाड दगडासकट बाहेर काढून औषधाच्या दुकानातलं हायड्रोजन पेरॉक्साइड ब्रशानं शेवाळावर लावायचं, पाच मिनिटं थांबायचं, स्वच्छ धुऊन परत ठेवायचं.

"पण हे नुसतं केर काढणं झालं," तो म्हणाला. "केर येतो कुठून ते बघा. उजेड नि खाणं जास्त झालं की हे वाढतं. दिवा किती तास असतो?"

"सहा. बाबांचाही तेवढाच असायचा. मी ऑफिसातून आले की लावते, झोपताना बंद करते. खाणं एकदाच, चिमूटभर."

त्यानं बाटली पुन्हा मागून घेतली, पुन्हा पाहिली. "ताई, हे सहा तासांचं शेवाळ नाही."

आपल्याला खोटं ठरवल्यासारखं वाटून ती घरी येईपर्यंत मनात धुमसत राहिली.

रविवारी तिनं नऊ पानं कापली. पाच उरली. आईनं मोरीत झाड दोन्ही हातांत धरलं आणि मुलीनं कडाकडांनी ब्रश फिरवला. पांढरे बुडबुडे फसफसले. "झोंबत असेल का गं त्याला?" आईनं विचारलं. मुलगी "नाही" म्हणाली, पण ब्रश जरा हलका झाला.

मंगळवारी सर्दीमुळे तिनं रजा टाकली. सकाळी सातला बाहेरच्या खोलीत आली, तर टाकी लख्ख उजळलेली. समोर बाबांच्या खुर्चीत आई, एका हातात चहा, दुसऱ्या हातात माशांच्या खाण्याचा डबा.

"आई, दिवा कधी लावलास?"

"सहाला. रोजच लावते."

"रोज? आणि बंद कधी करतेस?"

"पाचला, तू यायच्या आधी. आल्या आल्या चपला काढायच्या आधी तू ते बटण दाबतेस. म्हटलं, तेवढं तुझं तुला असू दे."

मुलगी हिशेब करत उभी राहिली. सहा तास नव्हे, सतरा. "आणि खाणं?"

"सकाळी घालते थोडं. उपाशी कसे ठेवायचे?"

"मीही घालते, संध्याकाळी."

दोघींनी टाकीकडे पाहिलं. माशांनी दोन महिने तोंडातून चकार शब्द काढला नव्हता.

"मला काय ठाऊक, उजेडही मोजून द्यायचा असतो," आई म्हणाली. डबा तिनं मांडीवर ठेवला. "ते असताना सकाळी टाकी काळोखीच असायची, पण समोर ते बसलेले असायचे. आता खुर्ची रिकामी आणि वर टाकीही काळोखी. मला नाही बघवलं."

आईच्या हातातला निवलेला चहा मुलीनं आत नेऊन गरम करून आणला.

आपोआप चालू-बंद होणारं बटण मिळतं, असं तिनं सांगून पाहिलं. आईला ते पटलं नाही. शेवटी ठरलं ते असं: दुपारी चारला दिवा आईनं लावायचा, रात्री दहाला मुलीनं बंद करायचा. खाणं फक्त आईकडे.

"आणि सकाळी?"

"सकाळी बसेन तशीच. मासे काय, पळून जाणारेत?"

दोन दिवसांत शेवाळ गुलाबी झालं. "दाढीला मेंदी लावलीय वाटतं," आई म्हणाली. पुढे ते राखाडी होऊन गळत गेलं. दोन पानं तेवढ्यात सडली. तीन राहिली, आणि मुलगी रोज ऑफिसातून आल्यावर ती मोजू लागली.

महिन्यानं एका सुट्टीच्या सकाळी आईनं तिला हाक मारली. आई काचेला नाक लावून बसली होती.

"तिथे बघ. मधोमध."

खिडकीतून येणाऱ्या उजेडात दगडापाशी काहीतरी फिकट हिरवं, घट्ट गुंडाळलेलं दिसत होतं. पान असेल, नसेलही. मुलीचा हात बटणाकडे गेला. आईनं तिचं मनगट धरलं.

"चार वाजू देत."

सव्वादहा झाले होते. मुलीनं स्टूल ओढलं आणि ती आईशेजारी बसली.