अमेरिकेच्या अध्यक्षासाठी गाऱ्हाणं

“तो दुसरो निवडून येवंदे,” लवूने भाकरी मोडता मोडता निकाल दिला, आणि त्याच्या लेकीचं, नलिनीचं डोकं फिरलं.

निवडणूक होती अमेरिकेतली, चौऱ्याऐंशी सालची, आणि वाद चालला होता बोरीवलीच्या चाळीत. बापलेकींपैकी कुणालाच तिथे मत नव्हतं. पण भांडण असं, की या दोघांचं ठरेपर्यंत तिकडची मोजणी जणू अडून राहिली होती.

नलिनी अंधेरीच्या निर्यात वसाहतीत कामाला होती. दिवसभर सूक्ष्मदर्शकाला डोळे लावून केसाहून बारीक तारा जोडायच्या. ते भाग अमेरिकेत जायचे आणि कसल्या कसल्या यंत्रांत बसायचे. कसल्या, ते तिला कुणी सांगितलं नव्हतं. गिरण्यांच्या संपात लवूची नोकरी गेली, तेव्हापासून घर तिच्या पगारावर चाललं होतं. कारखान्यातली तिची लाइन बंद पडली तर दोघांना गावची वाट धरावी लागली असती, आणि गावात एका पडक्या पडवीखेरीज काही उरलेलं नव्हतं.

गणपती झाल्यावर मॅनेजरने सगळ्या बायकांना कँटीनमध्ये जमवून दोन्ही उमेदवारांच्या योजना समजावून सांगितल्या होत्या. आत्ताचा अध्यक्ष कर कमी ठेवणार, धंद्याला मोकळीक देणार, लोकांच्या हातात पैसा खेळला की माल खपणार. दुसरा कर वाढवणार. शिवाय तो युनियनवाल्यांचा, तेव्हा बाहेरून येणाऱ्या मालाला आडकाठी करणार. तो आला तर तुमची वाट लागली समजा, असं साहेबांनी सांगितलं आणि बायकांनी समजलं. त्या दिवसापासून डबे उघडले की भाजीच्या आधी अमेरिका निघायची. नलिनीच्या शेजारच्या टेबलावर बसणारी प्रेमा एकदा म्हणाली, की कर वाढवणार हे जो आधीच सांगतो तो माणूस निदान प्रामाणिक तरी असणार. बाकीच्या तिच्यावर तुटून पडल्या. त्याचा प्रामाणिकपणा काय चुलीत घालायचा?

नलिनीने हे सगळं घरी येऊन बापाला सांगितलं, तिथेच तिचं चुकलं. लवूने त्यातला युनियन एवढा एकच शब्द उचलला. ज्याच्या पाठीशी कामगार, तो आपला. बाकी सगळं त्याने कानाआड केलं. संपाने त्याला घरी बसवलं होतं, तरी संप चुकला असं तो अजून म्हणत नव्हता.

“बाबा, तो तिकडच्या कामगारांचा आहे. त्यांचं काम राहावं म्हणून माझं काढून घेणार तो.”

“कामगार सगळे सारकेच.”

“मग सांगा त्यांना आपलं भाडं भरायला.”

बोलून गेल्यावर तिला वाईट वाटलं. लवूने मान खाली घालून उरलेली भाकरी संपवली. तरी घरातला माणूस आपल्याच पगाराविरुद्ध प्रचार करतो, हा राग तिला पुढे कितीतरी दिवस पुरला.

चाळीच्या टोकाला, नॅशनल पार्कच्या भिंतीलगत, कोकणातल्या लोकांनी राखणदार देवाची छोटी घुमटी बांधली होती. कुणाची सोयरीक जुळेना, कुणाचं दुखणं हटेना, की देवापुढे नारळ ठेवायचा आणि लवूने खणखणीत आवाजात गाऱ्हाणं घालायचं. गिरणी गेली तरी हा मान त्याच्याकडून कुणी काढून घेतला नव्हता. दिवाळी आटोपल्यावरच्या रविवारी नलिनी नारळ घेऊन त्याच्यासमोर उभी राहिली. आत्ताचाच अध्यक्ष पुन्हा यावा, असं गाऱ्हाणं घाला म्हणाली. म्हणजे लवूने आपल्या तोंडाने आपलाच माणूस पाडायचा. त्याने नारळ हातात घेऊन फिरवून पाहिला. मग उठला आणि सदरा चढवला.

“बा देवा म्हाराजा,” घुमटीपुढे हात जोडून त्याने सुरुवात केली, “तुझ्या ह्या लेकरान आज नारळ ठेवलेलो आसा. थंय अमेरिकेत जो आता अध्यक्ष आसा, तोच परत निवडून येवंदे, म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा,” नलिनी म्हणाली. जमलेल्या चार शेजाऱ्यांनीही म्हटलं. कुणाचं काय काम आहे हे न विचारता हो म्हणायची त्यांची रीतच होती. तो जिंकला तर नारळांचं तोरण बांधीन, असा नवसही ती बोलली.

त्याच आठवड्यात दिल्लीत पंतप्रधानांची हत्या झाली. चाळीत रडारड झाली. नलिनीही रडली. पण पुढच्या आठवड्यात शेजाऱ्यांचं वर्तमानपत्र मागून ती त्या सगळ्या दुखवट्यात अमेरिका शोधत बसली, तेव्हा शेजारीण तिच्याकडे पाहतच राहिली. नलिनीला स्वतःची लाज वाटली. तरी तिने निकाल शोधलाच. तिचा माणूस आला होता, तोही दणदणीत मतांनी. लवू बातमी ऐकून एवढंच म्हणाला, की बरं झालं, आता तुझ्या कामाची काळजी नको. कँटीनमध्ये साहेबांनी चहाबरोबर बिस्किटं वाटली. तोरण मात्र आज बांधू, उद्या बांधू करत राहून गेलं.

फेब्रुवारीत त्याच कँटीनमध्ये साहेबांनी बायकांना पुन्हा जमवलं. लाइन महिनाअखेर बंद होणार होती. हेच काम अमेरिकेतल्या मालकांना मलेशियात स्वस्तात करून मिळत होतं.

नलिनीने जन्मात पहिल्यांदा चारचौघांत हात वर केला. “साहेब, तुम्ही सांगितलेलाच माणूस आला ना? मग?”

साहेब वैतागले. योजनेत काही खोट नव्हती म्हणाले. धंद्याला मोकळीक मिळाली म्हणूनच तर काम स्वस्त पडेल तिथे गेलं.

“त्या योजनेत आपण होतो कुठे गं?” प्रेमा हळूच म्हणाली. नलिनीला तिचाही राग आला, कारण हे आधी कुणालाच सुचलं नव्हतं.

घरी आल्यावर तिने बापाला एका दमात सगळं सांगितलं आणि तो आता ‘मी सांगितलं होतं’ म्हणेल म्हणून वाट पाहत बसली. लवू तसं काही म्हणाला नाही. तोरण राहिलंय, एवढीच आठवण त्याने केली.

“कसलं तोरण, बाबा? फसवलं देवाने.”

“देवान नाय फसवल्यान. तू मागलंस ता दिल्यान. तो येवंदे म्हटलंस, तो इलो. तुझी नोकरी रवांदे, ह्या तुया मागूक नाय आणि माकापण सुचला नाय.”

सातासमुद्रापलीकडच्या दोन माणसांचे कर, धंदे, आडकाठ्या नलिनीने महिनोन्महिने तोलून पाहिल्या होत्या, आणि स्वतःपुरते दोन शब्द मागायचे राहून गेले होते. तिला हसावं की भिंतीवर डोकं आपटावं, कळेना.

रविवारी दोघं घुमटीपाशी गेली. या वेळी शेजाऱ्यांना कुणी बोलावलं नाही. लवूने दगडावर चढून तोरण बांधलं, खाली उतरून हात जोडले.

“बा देवा म्हाराजा, नवस फेडलो आसा,” एवढं म्हणून तो थांबला आणि लेकीकडे वळला. “आता काय मागू?”

मागण्यासारखं पुष्कळ होतं. नलिनीच्या ओठांवर आलंही.

“काही नको, बाबा. फेडला म्हणून सांगा, बस.”

लवूने तेवढंच सांगितलं. व्हय म्हाराजा म्हणायला तिथे ती एकटीच होती. तिने ते मोठ्याने म्हटलं.