कांद्यांखालची प्रार्थनेची सतरंजी

माझ्या अंगाला कांद्याचा वास येतो म्हणून नाक मुरडू नका, मित्रांनो. अकोल्याच्या जुन्या शहरातली मी एक म्हातारी सतरंजी, प्रार्थनेची. माझे असे हाल का झाले, ते ऐका तर खरे.

अमरावतीच्या एका विणकराने मला निळ्या-पांढऱ्या सुताने विणले. चर्चच्या महिला मंडळाने मला विकत घेतले. दर बुधवारी एकेका घरी प्रार्थनासभा भरायची आणि तिथे मी अंथरली जायची. बावीस वर्षे मी गुडघे झेलले. लोक म्हणायचे, या सतरंजीवरची प्रार्थना वाया जात नाही. मीही वेडी, तेच खरे मानून बसले.

मागच्या उन्हाळ्यात सभा माणिकबाईकडे होती. तिचे मालक उत्तमराव दवाखान्यात होते. त्या दिवशी ताप उतरला होता. आमच्यात साक्ष देण्याची रीत आहे. देवाने काही चांगले केले की उभे राहून सगळ्यांना सांगायचे. माणिकबाई म्हणाली, ते घरी आल्यावर देईन. तेव्हा तिची मैत्रीण शकुन म्हणाली, "वाट कावून पायतं? विश्वास असन तं आताच दे."

माणिकबाई माझ्यावर उभी राहिली. "माह्या मालकाले देवानं बरं केलं," म्हणाली. बायांनी टाळ्या वाजवल्या.

रविवारी उत्तमराव गेले.

भेटायला आलेले लोक म्हणाले, देवाची इच्छा. ते गेल्यावर माणिकबाई एवढेच म्हणाली, "देवानं मले चारचौघांत खोटं पाडलं." त्या सभेपासून मी तिच्याच घरी राहिले होते. रोज सकाळी ती माझ्यावर गुडघे टेकायची. "हे बापा" म्हणायची आणि पुढे शब्दच फुटायचा नाही. एक दिवस तिने मला मागच्या खोलीत पसरले आणि माझ्यावर कांदे ओतले. मंडळाने प्लॅस्टिकची नवी चटई आणली. माझी कुणी चौकशीही केली नाही. खोटे कशाला बोलू, मला फार राग आला. देवाने तिला फसवले, आणि तिने मला.

दिवाळीनंतरच्या एका बुधवारी शकुन एकटीच आली. कांदे बाजूला सारून माझ्यावर बसली आणि सडके कांदे निवडू लागली. निवडता निवडता म्हणाली, "चुकलं माह्यं, माणिक. म्याच तुले उभं केलं."

माणिकबाई तिच्याजवळ बसली. "मले प्रार्थना जमतच नाई आता. त्याच्यासंगं बोलावंच नाई वाटत."

"नको बोलू. तुह्या वाटची मी बोलतो. तू बस फक्त."

शकुनने हळू आवाजात येशूने शिकवलेली प्रभूची प्रार्थना सुरू केली. देवाची इच्छा पूर्ण होवो, ती ओळ आली आणि शकुन तिथेच अडली. पुन्हा म्हणून पाहिले, तरी जमेना.

मग माणिकबाई म्हणाली, "ते राहू दे. समोरचं म्हण. भाकरीचं."

शकुनने पुढची ओळ म्हटली, आमची रोजची भाकर आज आम्हाला दे. त्या दिवशी प्रार्थना तेवढीच झाली.

माणिकबाईचा राग अजून गेलेला नाही, आणि माझाही. पण आता बुधवारी ती मला झटकते, ऊन दाखवते आणि शकुनची वाट पाहते. मित्रांनो, ज्याची प्रार्थना अडली आहे त्याला शहाणपण शिकवू नका. सतरंजीवर थोडे सरकून त्याला जागा द्या, आणि त्याच्या वाटची प्रार्थना तुम्ही करा. न जमणारी ओळ राहिली, तरी चालते.