मखमली कन्सोल

बाह्यांग: मऊ, मखमली, राखाडी. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच एका कंपनीला माणसाची बोटं कळली आहेत.

तापमान: भट्टी. पंख्याच्या आवाजापुढे खेळातला राक्षस बरा. उष्णतेचं साधं विज्ञान ज्यांना कळत नाही, त्यांनी खलबत्ते विकावेत.

गुण: दहापैकी दोन.

नव्या गेमिंग कन्सोलचं परीक्षण इथवर लिहून मी स्वतःवर खूश होतो. संपादकांनी बजावलं होतं, "मागच्या वेळी हेडफोन उलटे घालून आवाजाला नावं ठेवलीत. आता पुन्हा हसं झालं, तर सदर बंद." म्हणून या वेळी मी आठवडाभर खेळून मत ठोकलं होतं.

फोटोसाठी कन्सोल उचलला, तर तळाशी हाताला नाडी लागली.

"आई, हे काय?"

"झबलं. मिक्सरला आहे, प्रिंटरला आहे, यानेच काय घोडं मारलंय? तू आणलास त्याच दिवशी माप घेऊन शिवलं. तारांपुरती भोकं ठेवलीत."

"अगं, त्याला हवा घ्यायला जाळी असते!"

"तेच म्हणते मी. केवढी धूळ गेली असती आत!"

झबलं उतरवून तासभर खेळलो. कन्सोल गार आणि गप्प. मी मुकाट्याने तापमान खोडलं, खलबत्ते खोडले, दोनाचे आठ केले. बाह्यांगावर काट मारणार, तोच मागून वाचणाऱ्या आईने हात धरला.

"ती ओळ राहू दे. पहिल्यांदाच काहीतरी धड लिहिलंयस."

ओळ ठेवली. सदर राहो न राहो, मला याच घरात राहायचं आहे.