नाळेवरची राख

"तिथूनच पाह्य," सखाबाई म्हणाली. "आत येऊ नोको. बाळंतीन हाय घरात."

ज्योत्सना उंबऱ्याबाहेर उभी राहिली. एका खांद्यावर पिशवी, हातात वजनाचा झोळीकाटा. आत खाटेवर हर्षा बसली होती, मांडीवर तीन दिवसांचा मुलगा. तिने एकदा ज्योत्सनाकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

बाळंतीण असल्याचं कारण ज्योत्सनाला कळत होतं. ते खरं कारण नव्हतं, हेही कळत होतं. ती गावची आशा सेविका होती, बौद्ध वस्तीतली. ही टोली ढिवरांची, मासेमारांची. तीन दिवसांपूर्वी दवाखान्याच्या गाडीत कळा सोसताना हर्षाने तिचा हात इतका घट्ट धरला होता की मनगटावर नखांच्या खुणा अजून होत्या. तेव्हा सखाबाई समोरच्या बाकावर बसून पाहत होती, तिने अडवलं नव्हतं. गाडीत चालत होतं. घरात चालत नव्हतं.

"बरं," ज्योत्सना म्हणाली. "मी इथून पाहते. हर्षा, बाळाची नाळ दाखव मले."

हर्षाने सासूकडे पाहिलं. मग हळूच कपडा बाजूला केला.

नाळ दिसतच नव्हती. बेंबीवर काळपट, ओलसर लेप थापलेला होता. गोवरीची राख, एरंडीच्या तेलात कालवलेली. वरून लंगोटाची गाठ घट्ट आवळलेली.

ज्योत्सनाची कानशिलं तापली. हर्षाला तिने चार महिने शिकवलं होतं. जुन्या परकराच्या कापडाची बाहुली शिवून, पोटावर सुताची नाळ लावून, अंगणवाडीत पहिलटकरणींना ती दाखवायची. नाळ कोरडी ठेवायची. उघडी ठेवायची. लंगोट नाळेच्या खाली बांधायचा. तेल नाही, हळद नाही, पावडर नाही, राख तर नाहीच. सात-आठ दिवसांत ती आपोआप गळून पडते. बाकीच्या मुली हसायच्या. हर्षा मात्र नीट पाहायची. एकदा तिने विचारलं होतं, "ताई, आन् सासूनं लावलं तं?"

"नाई म्हनायचं," ज्योत्सनाने सांगितलं होतं. किती सहज सांगून टाकलं होतं.

"काकी, हे कोनं लावलं?" आता तिने विचारलं.

"मी लावलं."

"कोमट पान्यानं पुसून काढा ते. आत्ताच. राखेत जंतू असतेत. लेकराच्या रक्तात जातेत."

"तू मले शिकवतं?" सखाबाईचा आवाज चढला नाही. ती ओसरीवर माशांची टोपली धूत बसली होती, धूतच राहिली. "पाच लेकरं वाढवली मी. पाचहीले राखच लावली. खेमराज काय मेला का? तलावात आता जाळं टाकून राहिला."

"पाच वाढवली," ज्योत्सना म्हणाली. "झाली किती होती, काकी?"

सखाबाईचा हात थांबला.

ज्योत्सनाला उत्तर ठाऊक होतं. तिच्या सासूने, आनंदाबाईने, कधीतरी बोलता बोलता सांगितलं होतं. ठाऊक असून तिने विचारलं. वाक्य तोंडातून सुटलं तेव्हा तिला बरं वाटलं. आपण एवढ्या वर्षांची काहीतरी फेड केली असं वाटलं. ते बरं वाटणं फार टिकलं नाही.

"सांगा ना, सात झाली होती ना?"

खाटेवरची हर्षा वर पाहत होती. तिला हे कोणी सांगितलेलं नव्हतं, ते तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

सखाबाई उठली. ओले हात तिने लुगड्याला पुसले, दाराशी आली आणि म्हणाली, "जाय अठून." मग दार लावून घेतलं.

*

घरी येऊन ज्योत्सनाने घरभेटीचा फॉर्म भरायला घेतला. नाळेच्या रकान्यात लिहिलं: राख लावली आहे. पुसू दिली नाही.

असं तिने पहिल्यांदाच लिहिलं होतं. दहा वर्षांत या टोलीतल्या चार घरांत तिने बेंबी न पाहता 'कोरडी' लिहिलं होतं. उंबऱ्याबाहेर उभं राहून काय दिसणार? ती चारही लेकरं आज शाळेत जातात. यात आपलं काम काही नाही, नशीब त्यांचं, हे तिला माहीत होतं. या गोष्टीचा राग ती कोणावर काढू शकत नव्हती, म्हणून तो तिच्यातच कुठेतरी पडून होता.

पुढची घरभेट सातव्या दिवशी. मध्ये जायला कोणी मनाई केली नव्हती. चौथ्या दिवशी ती टोलीवरूनच अंगणवाडीत गेली. सखाबाईच्या दाराकडे पाहिलं, आणि पुढे निघाली. जाऊ दे, तिने मनात म्हटलं. हाकलली ना मले? पाचव्या दिवशीही तशीच गेली. संध्याकाळी जेवताना नवऱ्याने, धम्मदीपने, विचारलं, "त्या खेमराजच्या पोराचं कसं हाय?"

"मले काय माहीत," ती म्हणाली. "त्यायच्या घरचे पाहून घेतीन."

धम्मदीपने तिच्याकडे पाहिलं. घास थोडा वेळ त्याच्या हातात राहिला. ज्योत्सनाला त्याचाही राग आला.

*

सहाव्या दिवशी दुपारी ती अंगणात तांदूळ पाखडत होती. धान कापणीचे दिवस, वस्तीत माणूस नव्हतं. ऊन असं की डोळे मिटत होते. विहाराच्या बाजूने कोणीतरी येताना दिसलं, सावकाश, मध्येच थांबत. जवळ आल्यावर ज्योत्सनाच्या हातातलं सूप खाली पडलं.

हर्षा होती. अनवाणी. डोक्याला बांधलेला रुमाल सुटलेला, पातळाच्या मागच्या बाजूला डाग. छातीशी लेकरू.

"ताई," ती म्हणाली, "वास येऊन राहिला."

ज्योत्सनाने तिला आत नेलं, खाटेवर बसवलं, बाळाला घेऊन कपडा उघडला. राखेचा थर तडकला होता आणि त्याखालून पिवळा पू येत होता. बेंबीभोवती बोटभर लाल कडं. अंग तापलेलं. तिने बाळाच्या गालाला बोट लावून पाहिलं. त्याने तोंड वळवलं नाही.

"दूध?"

"सकाळपासून नाई घेत." हर्षाचे दात वाजत होते, एवढ्या उन्हात. "मी नाई म्हनली होती, ताई. तुम्ही गेल्यावर म्हनली. काल म्हनली. आयकलं नाई त्यायनं. पुसलं तं पुन्हा लावलं. आज सासूबाई बोडीवर कपडे धुवाले गेल्या, मंग मी उचलून आनलं."

ज्योत्सनाने गाडीला फोन लावला. मग खेमराजला. गाडी यायच्या आत तो आला, सायकलवर, गुडघ्यापर्यंत चिखल, अंगाला तलावाचा वास. दारातच थांबला. बायको कुठे बसली आहे हे पाहून तो गोंधळला, मग बाळाकडे पाहून सगळं विसरून आत आला.

त्याच्यामागून सखाबाई आली. ती वस्तीत पहिल्यांदाच आली असावी. अंगणाच्या कडेला थांबली, धापा टाकत.

"पोट्टं दे अठी," ती म्हणाली. "सहा दिवसांची बाळंतीन, गावभर फिरून राहिली. काई लाज?"

"नाई देत," हर्षा म्हणाली.

"खेमराज, घे तिच्याजवळून."

खेमराज जागचा हलला नाही.

"सात झाली होती ना तुमाले?" हर्षाने विचारलं. तिचा आवाज फार हळू होता. "मले कोनं सांगतलं नाई. ह्यायनंबी नाई. मी हे एकच जन्माले घातलं, आई. हे नाई देत."

ज्योत्सना खाली पाहत राहिली. तिचंच वाक्य होतं ते. तिने ते मारायला फेकलं होतं, आणि या पोरीने त्याच्या आधाराने सहाव्या दिवशी सबंध गाव ओलांडलं होतं. त्याचं बरं वाटून घ्यावं की लाज वाटावी, हे तिला कळेना.

गाडी आली तेव्हा हर्षा आणि खेमराज आत बसले. ज्योत्सना चढली. सखाबाई अंगणाच्या कडेला तशीच उभी होती. मग तीही चढली आणि कोपऱ्यात बसली.

*

दिघोरीच्या पुढे गाडीने वेग घेतला तेव्हा ज्योत्सनाचा फोन वाजला. गटप्रवर्तक प्रतिक्षा. वयाने ज्योत्सनापेक्षा बारा वर्षांनी लहान, पण आशांच्या कामावर देखरेख तिची.

"ताई, रेफर केलं म्हणे? तिसऱ्या दिवशी नाळेचं काय लिहिलंय तुम्ही?"

"राख लावली, असं लिहिलं."

"ते दुसऱ्या फॉर्मवर नीट करून घेता येईल का? म्हणजे कोरडी होती, नंतर बिघडली. नाहीतर साहेब विचारतील, राख दिसली तर मधले दोन दिवस आशाने काय केलं?"

ज्योत्सनाने समोर पाहिलं. खेमराजने बाळाच्या तोंडाशी वाकून श्वास चालू आहे का ते पाहिलं. पुन्हा पाहिलं.

"तसंच ठेवते," ती म्हणाली. "आन् साहेबांनी विचारलं तं सांगा, ज्योत्सना मेश्राम गेली नाई. त्यायनं हाकललं म्हनून रागानं गेली नाई."

"अहो ताई, असं कसं सांगू? तुमचंच नुकसान."

"होऊ द्या. दहा साल झाले, खोटं लिहून कोनाचं भलं झालं?"

तिने फोन ठेवला. गाडीत सगळ्यांनी ऐकलं होतं. लाखनीला ट्रकांची रांग लागली होती. चालकाने भोंगा वाजवत बाजूच्या कच्च्या रस्त्याने गाडी काढली. धक्क्यासरशी सखाबाईचा खांदा ज्योत्सनाच्या खांद्यावर आदळला. तिने तो काढून घेतला नाही.

*

भंडाऱ्याच्या मोठ्या दवाखान्यात बाळाला काचेच्या पेटीत ठेवलं. इतक्या बारीक हातात सुई कशी गेली, ते खेमराजला पाहवलं नाही. डॉक्टर म्हणाले, विष रक्तात पसरायला लागलं होतं, अजून एक दिवस गेला असता तर सांगता आलं नसतं. आईला धनुर्वाताची दोन्ही इंजेक्शनं दिलेली होती ना? ज्योत्सना म्हणाली, दिली होती, मी स्वतः तिला घेऊन गेली होती. डॉक्टरांनी मान हलवली आणि पुढच्या पेटीकडे गेले.

तिसऱ्या दिवशी सकाळी बाळाने दूध ओढलं.

ज्योत्सना पहिल्या बसने आली होती. हर्षासाठी डबा होता. बाहेरच्या व्हरांड्यात सखाबाई भिंतीला टेकून बसली होती. तीन दिवस ती तिथेच होती. आत एकालाच सोडत, आणि हर्षाने एकदाही तिला आत बोलावलं नव्हतं.

ज्योत्सनाने तिच्या शेजारी बसायचं ठरवलं नव्हतं. पण दुसरीकडे जागा नव्हती.

बराच वेळ झाल्यावर सखाबाई म्हणाली, "एक पोरगा होता. खेमराजच्या आंधीचा. आन् एक पोरगी, सगळ्यात लहान. पोरीचं नाव ठेवाचं होतं."

ज्योत्सनाने हातातला डबा खाली ठेवला.

"सातव्या दिशी दूध सोडलं तिनं. तोंडच उघडे ना. कोनी दार लोटलं तरी आंग ताठ व्हाचं, धनुष्यावानी. पोराचंबी तसंच झालं होतं. मानसं म्हनाले, बाहेरचं हाय. मी त्या बाईचं नाव घेऊन लय वर्सं शिव्या देल्या, जिनं नजर लावली म्हने." ती थांबली. "ते राखेनच गेले का वो?"

असा प्रश्न कोणीतरी विचारावा, यासाठी ज्योत्सना दहा वर्षं थांबली होती. हो म्हणायचं, आणि तोंडावर म्हणायचं. आता तिने तोंड उघडलं, तर तो शब्द येईना.

"तुमाले तवा कोनं सांगतलं होतं का, काकी? राख लावू नोका म्हनून?"

"कोन सांगन? कोन येत होतं टोलीत?"

"इंजेक्शन?"

"कायचं इंजेक्शन?"

ज्योत्सनाच्या अंगात पुन्हा तोच राग चढला, पण आता तो काढायला समोर कोणीच नव्हतं. एक इंजेक्शन. एक बाई, दारात उभी राहून दोन वाक्यं सांगणारी. एवढंच लागत होतं, आणि तेवढंही कोणाला टोलीपर्यंत पोचवावंसं वाटलं नव्हतं. आणि ती स्वतः, पोचलेली, उंबऱ्यावरून फिरून दोन दिवस फुगून बसली होती.

सखाबाई उत्तराची वाट पाहत होती. ज्योत्सनाने 'नाही' म्हटलं नाही. सखाबाईला तेवढं पुरलं. तिने पदर तोंडाशी नेला, मग तो तसाच खाली सोडला.

दार उघडून नर्स बाहेर आली. "हर्षाची सासू कोण? बाळाजवळ बसा थोडा वेळ. पोरगी म्हणते सासूला बोलवा, तिला जेवून घ्यायचंय. आधी तिथे हात धुवा. कोपरापर्यंत, साबण लावून."

सखाबाई उठली. बेसिनजवळ गेली, बांगड्या वर सारल्या, नळ सोडला. साबण घेऊन तिने बोटं चोळली, बोटांच्या बेचक्या, नखं, मनगटं, कोपरं. धुतले. पुन्हा साबण घेतला. पुन्हा चोळायला लागली. माशांच्या वासाचे, जाळ्याच्या दोऱ्यांनी चिरलेले हात फेसाने पांढरे झाले होते.

"झालं, आजी," नर्स म्हणाली. "बस."

सखाबाईने ऐकलं नाही. पाणी वाहत होतं. ती धूत होती, मान खाली घालून, सावकाश, दोन्ही हात.

नर्सने ज्योत्सनाकडे पाहिलं.

"धुऊ द्या," ज्योत्सना म्हणाली.