पुढच्या सीटवरचा माणूस

घड्याळाच्या काचेवर, आठ आणि नऊच्या मधोमध, रंगाचा एक थेंब वाळून बसला होता — मोहरीच्या दाण्याएवढा, फिकट पिवळा. नखानं खरवडला असता तर निघाला असता. दोन महिने तो रोज नख तिथपर्यंत नेत होता आणि रोज परत आणत होता... बारा वाजून चाळीस. गाडी पावणेएकला येणार. गाडी म्हणजे आगगाडी नव्हे, आगगाडीपर्यंत नेणारी गाडी. लोकांना वाटतं, इंजिनचालक घरातून निघाला की थेट इंजिनात चढतो. जसं काही इंजिन त्याच्या दाराशी खुंटीला बांधलेलं असतं. गाड्या सुटायच्या त्या यार्डातून, आणि यार्ड इथून पन्नास किलोमीटर. म्हणून रेल्वेची माणसं कामावर जायची ती डांबरी रस्त्यानं, ठेकेदाराच्या व्हॅनमधून, डबे मांडीवर घेऊन.

“झोप झाली ना?” बायकोनं आतून विचारलं.

“झाली.”

हा प्रश्न ती पूर्वी विचारत नसे. तिला काही माहीत होतं असं नाही — किंवा असेलही. माहेरून ती परतली तेव्हा स्वयंपाकघर पिवळंधमक झालेलं, आणि नवऱ्याच्या कपाळाला टेंगूळ. “हे कधी रंगवलंत?” तिनं विचारलं होतं, आणि तो म्हणाला होता, “मिळाला वेळ.” तिनं पुढं विचारलं नाही. मिळाला वेळ! पहाटे ड्यूटी उतरून घरी आलेला माणूस, मधे जेमतेम आठ तास, ते झोपण्यासाठी दिलेले. आणि हा शिडीवर. एकच भिंत म्हणता म्हणता चारही झाल्या. अकरा वाजता हजेरी कचेरीतून नेहमीसारखा फोन आला होता — “दीडची ड्यूटी. गाडी पाठवतोय. विश्रांती झाली?” — आणि त्यानं ब्रश डब्यात बुडवत सांगितलं होतं, “झाली.” तोच शब्द. आज बायकोला दिला तो.

व्हॅनचा हॉर्न वाजला. शर्टाच्या खिशात कागद होता, तो त्यानं वरूनच चाचपला. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं त्याला वाटत राहिलं की खिशातून तो कागद दिसतोय, निदान त्यावरची दुसरी ओळ तरी... प्रवासात आपण पूर्णवेळ जागे होता काय? होय. नाही. एका शब्दापुढं खूण करायची आणि आज हजेरी लावताना कारकुनाकडे द्यायचा. रेडिओनं कामावर परत घेण्यासाठी अर्ज केला होता, त्याच्यासाठीचा शेवटचा कागद.

रेडिओ म्हणजे या व्हॅनचा आधीचा ड्रायव्हर. त्याचं खरं नाव पगारपत्रकातच असेल. तो बोलायला लागला की थांबत नसे म्हणून सगळे त्याला रेडिओ म्हणायचे आणि तोही त्या नावाला ओ देई. सासऱ्याचे गुडघे, मेहुण्याचं न जमणारं लग्न, कुठल्या पंपावर हवा फुकट भरून मिळते — पन्नास किलोमीटर कसे सरत ते कळत नसे.

नव्या ड्रायव्हरच्या तोंडाला मात्र कुलूप. पन्नाशीचा माणूस, मान हलवून नमस्कार करणारा. गार्डबाई आधीच गाडीत होत्या. आज त्यांचा पहिला दिवस, अपघातानंतरचा. खांद्याचं हाड सांधलं होतं, पण डबा उचलायला अजून डावाच हात पुढं येत होता. त्या मागच्या सीटवर सरकून बसल्या होत्या. त्यानं मागचं दार उघडलं.

“छे छे, दादा, तुम्ही पुढं बसा.”

“असू दे हो बाई. आज मागं बसतो.”

“मग पुढं कोण? मी बसले तर आपण तिघंही झोपू.” त्या हसल्या. “तुम्ही पुढं असलात की मी निर्धास्त असते. घरी पण तेच सांगून आलेय.”

तो पुढं बसला. दुसरं काय करणार होता?

या गाडीत एक रीत होती, कुठल्याच नियमाच्या पुस्तकात नसलेली. मागच्यांनी खुशाल घोरावं, पण पुढच्या सीटवर जो बसेल त्यानं डोळा लावायचा नाही. ड्रायव्हर दिवसाला चार चार फेऱ्या मारतो, दुपारचं ऊन, सरळसोट रस्ता, पोटात जेवण. त्याला बोलतं ठेवायचं. रेडिओच्या शेजारी तर तेवढेही कष्ट नव्हते, अधूनमधून हुंकार दिला की झालं. तेवढं एक काम होतं. बावीस वर्षं ज्यानं हजारो माणसं रुळांवरून नेली, त्याला एक हुंकार देता आला नाही...

म्हणजे, मी झोपलोच होतो का? डोळे मिटले असतील. मिटलेले डोळे म्हणजे झोप असं थोडंच आहे. आवाज ऐकू येत होता त्याचा, मेहुण्याला मुलगी पसंत होती पण मुलीच्या आईला... आणि मग काहीच नाही. मग एकदम झाड, काच, बाईंची किंकाळी. मधला जो तुकडा नाही त्याला दुसरं काय नाव देणार? झोपच. दोन महिने हा वाद तो स्वतःशी घालत होता आणि दर वेळी हरत होता, आणि हरला हे दुसऱ्या कुणालाच कळत नव्हतं.

आणि कळत नव्हतं ते त्या हातामुळं. इंजिनात एक बटण असतं. दर मिनिटाला दिवा लागतो, चालकानं बटण दाबायचं — जागा आहे, एवढंच सांगायला. नाही दाबलं तर भोंगा; तरी नाही दाबलं तर गाडी आपोआप थांबते. बावीस वर्षांत ते बटण त्याच्या उजव्या हातात असं मुरलं होतं की घरी गाढ झोपेतही हात गादीवर टक् टक् करी, मिनिटाला एकदा. बायको एकदा म्हणाली होती, “अहो, झोपेत तरी उतरा की गाडीतून!” पुढं सगळ्या नातेवाइकांत त्याची चेष्टा झाली. तोही हसला होता.

रंगकामाच्या त्या दुपारी हात व्हॅनच्या समोरच्या फळीवर होता. तो झोपला, हात जागा राहिला. मागून बाईंनी पाहिलं — दादांचा हात वाजतोय, म्हणजे दादा जागे आहेत — आणि त्यांनी विश्वासानं डोळे मिटले. रेडिओनंही डोळ्याच्या कडेनं तो हात पाहिला असेल. तो बोलत राहिला असेल, उत्तर येत नाही म्हणून थोडा थांबला असेल, आणि तेवढ्या थांबण्यात त्याची पापणी... तिसरी फेरी होती त्याची. कुंपणानं शेत खाल्लं म्हणतात, इथं कुंपण नुसतं उभं असल्याचं सोंग करत होतं.

चौकशीत रेडिओ म्हणाला, “साहेब गप्प झाले होते. मी तीनदा हाक मारली.” चौकशी अधिकाऱ्यानं बाईंकडे पाहिलं. हात गळ्यात बांधलेला, चेहरा पांढरा, पण बाई ठाम होत्या. “दादा जागे होते. त्यांचा हात हलताना मी माझ्या डोळ्यांनी पाहिला.” मग अधिकारी त्याच्याकडे वळला. “बाई म्हणतात ते बरोबर?” आणि तो म्हणाला —

तो काय म्हणाला हे त्याला शब्द न् शब्द पाठ होतं. “त्या सांगतात, म्हणजे त्यांनी पाहिलं असणार.”

नरो वा कुंजरो वा. खोटं एक अक्षर नाही. सुंठेवाचून खोकला गेला असं तेव्हा वाटलं होतं, निदान जिना उतरेपर्यंत. खाली पायरीवर रेडिओ बसला होता. त्यानं मान वर करून पाहिलं, आणि हा त्याच्या बाजूनं निघून गेला. ठेकेदारानं त्याच आठवड्यात रेडिओला काढलं. लायसन्सही अडकवून ठेवलं. आता तो एका टायरच्या दुकानात चाकं उचलतो म्हणे. एकदा त्याचा फोन आला होता. शिव्या देईल, रडेल, विनवण्या करील अशा तयारीनं यानं फोन कानाला लावला, तर पलीकडे नुसता श्वास. तो माणूस, ज्याचं तोंड एका जागी ठरत नसे! मग म्हणाला, “साहेब, बरे आहात ना?” आणि ठेवला. त्यापेक्षा शिव्या परवडल्या असत्या.

खूण ‘नाही’पुढं केली तर काय होईल हे त्यानं पुष्कळदा मांडून पाहिलं होतं. न झोपता ‘विश्रांती झाली’ सांगितलं, म्हणजे इंजिनावरून खाली. सहा महिने, कदाचित कायमचं. या वयात यार्डात झेंडी घेऊन उभं राहायचं, आणि कालपर्यंत हाताखाली शिकलेली पोरं वरून हात करणार. ‘होय’पुढं केली तर काहीच होणार नाही. नेमकं तेच, काहीच होणार नाही... रेडिओ चाकं उचलत राहील, बाई पुढं बसा म्हणत राहतील.

रस्ता गावाबाहेर पडला. ऊन काचेवर आलं. नवा ड्रायव्हर एकदा खाकरला. ज्या झाडाची साल त्या दिवशी सोलली गेली होती ते झाड आलं आणि गेलं. बाईंनी आरशात त्याच्याकडे पाहिलं, ओळखीचं हसू हसल्या, सीटला डोकं टेकलं आणि डोळे मिटले. इतक्या सहज, जणू घरच्या बिछान्यावर. सांधलेला खांदा थोडा तिरका ठेवून.

त्या चेहऱ्याकडे त्याला पाहवेना.

“बाई,” तो म्हणाला. आवाज मोठा निघाला. ड्रायव्हरनंही चमकून पाहिलं. “बाई, झोपू नका.”

त्यांनी डोळे उघडले. “का हो? काय झालं?”

“काही नाही. मला झोप लागली तर?”

“तुम्हाला?” त्यांना हसू आलं. “तुम्हाला कसली झोप लागते, दादा!”

“लागते.”

एवढंच. पुढं सांगायचं होतं, जिभेवर होतं, मेहुण्याच्या लग्नापाशी कसं सगळं तुटलं ते, भिंती, शिडी... पण तो एक शब्द बाहेर पडला आणि बाकीचे आतच राहिले. आरशात बाईंचं हसू अजून होतं. ते लगेच गेलं नाही, कडेकडेनं गेलं. त्या सरळ बसल्या. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं, मग खिडकीबाहेर, मग स्वतःच्या खांद्याकडे. माझ्या डोळ्यांनी पाहिला, असं त्या चौकशीत म्हणाल्या होत्या, आणि त्याखाली त्यांची सही होती.

आता त्या विचारतील. दोन महिने ज्या प्रश्नाला तो घाबरत आला होता त्याचीच तो वाट पाहू लागला — विचारा, बाई, एकदा विचारा, मी नाही म्हणणार नाही. पण बाई चांगल्या होत्या. आणि चांगली माणसं असले प्रश्न विचारत नाहीत. पाच किलोमीटर गेले, दहा गेले. त्यांनी पुन्हा डोळे मिटले नाहीत आणि तोंडही उघडलं नाही. आता त्यांनाही माहीत होतं; आता गप्प राहायचं की नाही हे त्यांनाही ठरवायचं होतं, दुखऱ्या खांद्यानिशी, कामावरच्या पहिल्याच दिवशी. आणि त्याला, दोन महिन्यांत पहिल्यांदाच, छातीवरचं ओझं अर्धं उतरल्यासारखं वाटलं. कुणाच्या छातीवर गेलं ते मागं वळल्याशिवायही त्याला दिसत होतं. तरी हलकंच वाटत राहिलं.