राखून ठेवलेले पाच अंश

अनुजाचं कौतुक ऐकलं की सुचित्राच्या पोटात दुखायचं, आणि या दुखण्याला तिने कधी दुसरं सभ्य नाव दिलं नाही. जळते मी तिच्यावर, असं ती मनातल्या मनात सरळ म्हणायची. निदान स्वतःशी खोटं बोलायची सवय तिला नव्हती.

परळच्या त्या संशोधन संस्थेत तिला चौदा वर्षं झाली होती. तळमजल्यावरचं चुंबकाचं अवाढव्य मशीन खोक्यातून निघालं तेव्हा ती तिथे उभी होती. काम असं की, कॅन्सरची गाठ असलेल्या उंदराला गुंगी देऊन त्या मशीनमध्ये झोपवायचं आणि शेपटीच्या शिरेतून खास साखर सोडायची. या साखरेतला हायड्रोजन नेहमीपेक्षा जड असतो, म्हणून चुंबकाला ती ओळखता येते. मग तासभर बघत बसायचं, गाठ ती साखर कशी खाते आणि तिचं लॅक्टिक आम्ल किती करते. कापाकापी नाही, जिवंत गाठीचं जेवण नुसतं बघायचं. हावरी गाठ भराभर आम्ल करते, आणि औषध लागू पडलं तर तिची भूक मंदावते. गाठीवर नेमकी बसणारी तांब्याच्या तारेची वेटोळी सुचित्रा स्वतःच्या हाताने वळायची, आणि तशी वेटोळी अख्ख्या संस्थेत दुसऱ्या कुणाला जमत नव्हती.

अनुजा दीड वर्षापूर्वी परदेशातून आली. शिवाजी पार्कला घर, दोन्ही आजोबा डॉक्टर, आणि बोलणं इतकं गोड की रागवायलाही जागा सापडू नये. आल्या दिवसापासून तिचं ‘सुचित्राताई, सुचित्राताई’ सुरू होतं. विभागप्रमुख हितेंद्र सरांनी चौदा वर्षांत सुचित्राला ‘झालं का काम?’ याखेरीज फारसं काही विचारलं नव्हतं. अनुजाला मात्र ते विचारायचे, ‘तुला काय वाटतं?’ हे तीन शब्द सुचित्राच्या जिव्हारी लागायचे. तिलाही पुष्कळ काही वाटत होतं, पण विचारतो कोण.

एका नव्या औषधाची चाचणी सुरू झाली. वीस उंदीर, दहा औषधाविना आणि दहा औषध दिलेले. पहिले दहा, औषधाविना असलेले, सुचित्राने केले. तेवढ्यात लालबागची तिची चाळ नव्या बांधकामासाठी रिकामी करायची नोटीस आली, आणि आईला घेऊन शीवच्या भाड्याच्या खोलीत हलण्यासाठी तिने पंधरा दिवसांची रजा टाकली. उरलेले दहा उंदीर अनुजाकडे गेले. ‘जाण्यापूर्वी सगळी पद्धत लिहून ठेव,’ सर म्हणाले.

तिने दोन पानं लिहिली. सुवाच्य अक्षरात सगळं लिहिलं, एक गोष्ट सोडून. गुंगीतला उंदीर गार पडतो, म्हणून त्याच्या खालच्या गादीतून गरम पाणी फिरवतात. पाणी तापतं शेजारच्या खोलीत, आणि लांबलचक नळीतून येता येता पाच अंशांनी निवतं. म्हणून उंदराला सदतीस हवं असेल तर तिकडे बेचाळीस लावायचं. हे कुठल्या पुस्तकात नव्हतं, सुचित्राच्या हाताला माहीत होतं. उंदराच्या अंगाचं तापमान मोजणारी सुई बिघडून तीन महिने झाले होते आणि नवी अजून आली नव्हती.

‘पाणी सदतीस अंश,’ असं तिने लिहिलं. पेन क्षणभर अडखळलं. बाई परदेशात शिकून आल्या आहेत ना, काढू देत शोधून, असं म्हणत तिने पान उलटलं. फार काही वाईट तिच्या मनात नव्हतं. अनुजाचे आकडे जरा वेडेवाकडे यावेत आणि सरांनी एकदा तरी म्हणावं, सुचित्रा असती तर असं झालं नसतं. बस, एवढंच.

रजेवरून परत आली तर प्रयोगशाळेत पेढे वाटले जात होते. अनुजाच्या दहाही उंदरांत गाठीचं आम्ल निम्म्याहून खाली आलं होतं. औषध चाललं होतं. शुक्रवारी समोरच्या इस्पितळातले डॉक्टर बैठकीला येणार होते, आणि त्यांनी होकार दिला की पेशंटना औषध सुरू होणार होतं. शोधनिबंधावर अनुजाचं नाव पहिलं, सुचित्राचं चौथं.

‘ताई, तुमच्या त्या दोन पानांशिवाय हे झालंच नसतं,’ अनुजा पेढा पुढे करत म्हणाली.

सुचित्राने पेढा घेतला. बाईंचे उंदीरसुद्धा बाईंच्या मर्जीने वागतात, असं मनाशी म्हणत तिने तो गिळला.

मंगळवारी तिने अनुजाच्या नोंदी उघडल्या त्या खोट काढण्यासाठीच. ती सापडलीही. गुंगीतला सुचित्राचा उंदीर मिनिटाला सत्तरएक श्वास घ्यायचा. अनुजाच्या उंदरांचे आकडे होते बेचाळीस, चाळीस, अडतीस. अनुजाने ते गुंगीच्या खात्यावर टाकले होते. पण ते उंदीर गारठलेले होते. गार अंगात सगळंच मंद चालतं, गाठीची भूकसुद्धा. औषधाने कदाचित काहीच केलं नव्हतं.

तिला आनंद झाला. लपवायचं कशाला, चांगला उकळ्या फुटण्याइतका आनंद झाला. मग नजर मशीनच्या बाजूला चिकटवलेल्या कागदाकडे गेली, आणि कागदावरचं अक्षर तिचं होतं.

त्या संध्याकाळी नव्या खोलीत तिच्या आईने, शेवंतीने, भाताचं ताट पुढ्यात ठेवलं.

‘तुका काय झाला गो? जेव मगे.’

‘काय नाय,’ सुचित्रा म्हणाली आणि भात चिवडत बसली. बोललं तर आपण उघडे पडतो. गप्प बसलं तर अनुजा आणखी मोठी होते. आणि तिसरी गोष्ट तिला नको असताना सारखी आठवत होती. इस्पितळासमोरच्या फुटपाथवर चटई टाकून राहणारी गावाकडची माणसं. त्यांच्यातलं कुणीतरी हातातले मोजके महिने या औषधावर घालवणार होतं. बुधवार तिने तसाच जाऊ दिला. त्याची तिला लाज वाटली, तरी जाऊ दिला.

गुरुवारी सकाळी अनुजा मशीनपाशी एकटी असताना तिने सांगून टाकलं. नळी, पाच अंश, श्वासांचे आकडे, सगळं.

अनुजाने नोंदी पुन्हा पाहिल्या. तिचा चेहरा उतरला.

‘ताई, तुम्ही बेचाळीस लिहायला विसरलात का?’

‘हो’ एवढा एकच शब्द पुरला असता.

‘विसरले नाही,’ सुचित्रा म्हणाली.

अनुजाने मशीनवरच्या कागदाकडे एकदा पाहिलं. मग तिने विचारलं, ‘आज चार उंदीर होतील आपल्याच्याने? दोन औषधाचे, दोन बिनऔषधाचे?’

झाले. पाणी बेचाळीसवर लावून दोघींनी दिवसभर खपून चारही केले. चारही गाठी सारख्याच हावरेपणाने साखर खात होत्या. औषधाने काडीचाही फरक पडला नव्हता. अनुजाने डोळे पुसले आणि म्हणाली, ‘आज कळलं ते बरं झालं.’

शुक्रवारी बैठकीत ती उभी राहिली. ‘माझा निष्कर्ष मागे घेते,’ ती म्हणाली. ‘चूक माझी आहे. उंदरापाशी पाणी किती गरम पोचतं ते मी स्वतः मोजायला हवं होतं. सुचित्राताईंच्या लक्षात आलं म्हणून आपण वाचलो.’

खोलीत कुजबुज झाली. मग एक म्हातारे डॉक्टर म्हणाले की चाळीस वर्षांत असा प्रामाणिकपणा त्यांनी क्वचित पाहिला. दोघा-तिघांनी माना डोलावल्या. हितेंद्र सर अनुजाकडे बघत होते, आणि पेढ्यांच्या दिवशीही त्यांच्या डोळ्यांत नव्हतं इतकं कौतुक आज होतं.

सुचित्रा सुटली होती. नुसती सुटली नव्हती, तिच्या नावाला शाबासकीही मिळाली होती. फक्त बसून राहायचं होतं. आणि तेच तिला जमेना. बाई यशाने मोठी झाली, आता चुकीनेही मोठी होते आहे, आणि वर आपल्याला पदराखाली घेते आहे, या विचाराने तिच्या अंगाची लाही लाही झाली.

ती उठली.

‘सर, चूक हिची नाही. बेचाळीस लावायचं ते मला माहीत होतं. मी मुद्दाम लिहिलं नाही.’

‘मुद्दाम? का?’ सरांनी विचारलं.

‘जळत होते हिच्यावर,’ सुचित्रा म्हणाली आणि खाली बसली.

अनुजाने टेबलाखालून तिचा हात धरला, तो तिने सोडवून घेतला. लोक पुढे याला हिंमत म्हणतील की नीचपणा, हे तिला ठाऊक नव्हतं. तिला एवढंच ठाऊक होतं की ती चूक तिची स्वतःची होती, आणि तीही अनुजाच्या नावावर जाऊ देणं तिला शक्य नव्हतं.