गोगलगाय चिप

परदेशी पुरवठादाराचं पत्र चारच ओळींचं होतं. त्यांच्या सरकारने व्यापारावर निर्बंध घातलेत, यापुढे चिप पाठवता येणार नाही.

"आता काय, कुलूप लावायचं कारखान्याला?" मालकांनी पत्र इंजिनियरबाईंपुढे सरकवलं.

कारखाना श्रवणयंत्रांचा, आणि यंत्राचा जीव त्या चिपमध्ये. गोंगाट बाजूला सारून बोलणं तेवढं कानात सोडायचं काम तिचं. देशात बनणारी एकच चिप हाताशी होती, वॉशिंग मशीनमध्ये बसवतात ती. चालीला अगदी गोगलगाय.

बाईंनी कंबर कसली. दोन महिने जुना प्रोग्रॅम त्या चिपमध्ये कोंबायची खटपट चालली. चिप धापा टाकायची. समोरच्याचे ओठ हलून जायचे आणि शब्द मागाहून यायचे. मालक दर सोमवारी दारात उभे राहायचे आणि काही न विचारता निघून जायचे. बाईंना तेच जास्त टोचायचं.

यंत्र तपासायला हक्काचा कान बाईंच्या मावशीचा, तिला कमी ऐकू यायचं. एका रविवारी बाईंनी तिच्या स्वयंपाकघरात ते तिला लावलं. नळ वाहत होता, पंखा घरघरत होता, शेजारी टीव्ही कोकलत होता. मावशीने यंत्र काढून ओट्यावर आपटलं.

"अगं, मला पंख्याच्या चौकशा कशाला? मला माणसं ऐकू आली की पुरे!"

बाईंनी ओट्यावरचं यंत्र उचललं. इतकी वर्षं सगळेच जण एकेक गोंगाट ओळखून वगळत आले होते. परदेशी चिपमध्ये ताकद मुबलक, मग काटकसर करणार कोण? आपण गोंगाटाकडे बघायचंच नाही. माणसाच्या बोलण्याचा चढउतार तेवढा धरायचा, बाकी सगळं वाऱ्यावर!

सोमवारी त्यांनी जुना प्रोग्रॅम पुसून टाकला. नवा त्याच्या आठव्या हिश्शाएवढा झाला.

तीन आठवड्यांनी भर जेवणाच्या सुट्टीत, ताटं आदळत असताना, मावशीला कँटीनमध्ये बसवलं. मालक गुपचूप तिच्या मागे जाऊन दबक्या आवाजात म्हणाले,

"मावशी, चहा घेणार?"

"घेईन की," मान न वळवता मावशी म्हणाली. "पण तुम्ही एवढे खेकसून बोलता होय?"

कँटीनभर हशा पिकला. मालकांनी तर चक्क टाळ्या वाजवल्या. वर बॅटरी दोन दिवसांऐवजी नऊ दिवस पुरू लागली. वर्षभरात कारखान्याला शेजारची इमारत घ्यावी लागली.

पुढे निर्बंध उठले आणि पुरवठादाराचा माणूस हसतमुखाने हजर झाला. चिप पुन्हा मिळेल म्हणाला. बाईंनी आपलं यंत्र त्याच्या कानाला लावलं आणि खिडकी उघडली. खाली रस्ता गर्जत होता. "कसं वाटतंय?" त्यांनी हळूच विचारलं.

तो दचकला. "यात चिप कुठली?"

"वॉशिंग मशीनची."

"हे आम्हाला कसं सुचलं नाही?"

"तुमचं अडलं कुठे होतं?" बाई म्हणाल्या. "चिप राहू द्या. आमचा प्रोग्रॅम हवा असेल तर बोलू."

त्याने वही काढली. बाईंनी खुर्ची पुढे ओढली आणि एकेक अट सावकाश सांगायला सुरुवात केली.